पहिल्या ताफ्यातला सर्वांत लहान कैदी, जॉन हडसन – माहिती हवी आहे

शेवंता_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर दर वर्षी श्रुतिका बसवतो. माणसं सात-आठ, माइक एक, प्रेक्षक बहुतेक आपलेच नातेवाईक. यंदा लिहायचं मी कबूल करून बसले आहे आणि डोक्यात विषय घेतलाय जॉन हडसनचा. १७८८ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात कैद्यांचा जो पहिला ताफा पोचला, त्यातला हा सर्वांत लहान मुलगा. लंडनमध्ये धुराड्यांत शिरून काजळी काढायचा, चोरीत सापडला, सात वर्षांची हद्दपारी झाली.

इथून पुढे मात्र जो तो वेगळं सांगतो. माझा भाचा सिडनीला असतो. तो म्हणतो, पुढे जमीन मिळाली असेल, त्या काळी बऱ्याच जणांना मिळायची. एका व्हिडिओत सांगत होते की कैदी पोरांनी हात धरून कड्यावरून उड्या टाकल्या. त्यातला हा एक का? माझी खरी अडचण वेगळीच आहे. मुलगा बोलतो कसा, ते कानात येतच नाहीये. लिहिते ती सगळी वाक्यं शाळेच्या स्नेहसंमेलनातली वाटतात. चोरी कशी झाली, बोटीवर काय, तिकडे गेल्यावर काय, हे कोणी नीट वाचलं असेल तर सांगा. विकीची लिंक नको, ती पाहून झाली.

गोट्या_मेलबर्न

ताई, कडा आणि हडसन यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्हींत पंचेचाळीसेक वर्षांचं अंतर आहे.

कडा टास्मानियात, पोर्ट आर्थरच्या समोर पॉइंट प्युअरला. १८३४ ते १८४९ तिथे फक्त मुलांचा तुरुंग होता, साधारण तीन हजार पोरं त्यातून गेली. मी बोटीने जाऊन आलोय. समुद्रात घुसलेली चिंचोळी, वाऱ्यावरची जागा. गोड्या पाण्याची कायम बोंब, ते बोटीने आणावं लागायचं. पोरांना सुतारकाम, शिवणकाम, चपला-बूट करणं, होड्या बांधणं, दगड घडवणं शिकवायचे. पोर्ट आर्थरला बिनछपराचं जे चर्च फोटोत दिसतं, त्याचे दगड या पोरांनी घडवले आहेत. हात धरून उडी मारणारी दोन मुलं १८७०च्या दशकात गाजलेल्या एका कादंबरीतली. तुरुंगाच्या कागदांत त्या प्रसंगाला आधार नाही, पण ऐकणाऱ्याला तीच गोष्ट हवी असते, काय करणार!

हडसनच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. मुलांचा वेगळा तुरुंग नाही, शाळा नाही, कारागिरी नाही. मोठ्या कैद्यांत तोही एक.

प्रोबेशनकाकू

शेवंता, मुलाचं बोलणं कानात येत नाही म्हणालीस म्हणून लिहायला बसले. तो बोललाय, आणि ते लिहून ठेवलेलं आहे. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या जुन्या खटल्यांचे वृत्तान्त नेटवर फुकट वाचता येतात. १० डिसेंबर १७८३चा त्याचा खटला काढ. त्याची उत्तरं मराठीत साधारण अशी होतील :

वय काय? – नववं चाललंय.
कुठला धंदा शिकलास? – कुठलाच नाही. कधी कधी धुराडी साफ करतो.
आईबाप आहेत? – मेले.
किती दिवस झाले? – माहीत नाही.

संपलं. माझी उभी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून रिमांड होमच्या पोरांत गेली. सरकारी कागदात 'विधिसंघर्षग्रस्त बालक', आमच्या तोंडी 'पोरगं'. ही चार उत्तरं वाचली आणि त्या टेबलाशी परत बसल्यासारखं झालं. साहेबासमोर उभं केलेलं मूल असंच बोलतं, विचारलं तेवढंच आणि कमीत कमी शब्दांत. एखादं लांबलचक हकिगत सांगायला लागलं, की समजायचं कुणीतरी पढवून पाठवलंय. आणि ते 'माहीत नाही' खोटं नसतं. आई जाऊन किती दिवस झाले, हे मोजायला घरात कुणीतरी मोठं लागतं. तेव्हा तुझ्या जॉनला हुंदके देऊ नकोस आणि मोठं भाषण तर मुळीच देऊ नकोस.

आता चोरी. ईस्ट स्मिथफिल्ड भागात विल्यम होल्ड्सवर्थ नावाच्या माणसाचं घर. गेलेला माल : तागाचा एक शर्ट, रेशमी मोजे पाच, एक पिस्तूल, दोन एप्रन. सकाळी टेबलावर काजळीने माखलेल्या पावलाचा ठसा दिसला. घरमालक चलाख, त्याने तो ठसा बोटांसकट कागदावर उतरवून घेतला. पुढे सारा बेन्स नावाच्या बाईला हा मुलगा पाण्याच्या पिंपाशी अंग धुताना दिसला, आणि शर्ट गहाण टाकायला तो गेला त्या दुकानदाराचीही साक्ष झाली. आठ-नऊ वर्षांच्या पोराला पिस्तूल आणि एप्रन कशाला हवेत, त्याला कुणी आत सोडलं होतं का, काजळीच्या कामाला त्याला कोण नेत असे, रात्री झोपायचा कुठे? आमच्या सामाजिक तपासणी अहवालात पहिल्या पानावर भरायच्या गोष्टी ह्या. कोर्टात एकीचाही प्रश्न झाला नाही.

तरी न्यायाधीशाला दुष्ट ठरवून मोकळी होऊ नकोस. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार धरायचं नाही, आणि सात ते चौदामध्ये त्याला बऱ्यावाइटाची समज होती हे दाखवायला हवं, अशी तिथली रीत होती. (आपल्याकडे २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या दंडसंहितेत ८२ आणि ८३ ही कलमं त्याच कुळातली होती. आपल्याकडे वरची मर्यादा बाराची.) पोराने भीतीने दिलेला कबुलीजबाब मानायला न्यायाधीश राजी नव्हता. घरफोडीचा आरोप लागायला चोरी रात्रीची हवी, ते नक्की झालं नाही, आणि एवढ्या कोवळ्या मुलावर तो आरोप ठेवणं फार कठोर होईल, असंही बोलणं झालं. घरफोडीला फाशी होती. ती टळली, साध्या चोरीवर निभावलं. मग सात वर्षं हद्दपारी का? तर असा मुलगा इथेच सोडला तर पुन्हा त्याच आयुष्यात जाईल, त्याला त्या नाशातून ओढून काढावंसं वाटतं, म्हणून.

इथे मी जरा थांबले. 'बालकाच्या सर्वोत्तम हितासाठी संस्थेत दाखल करण्याची शिफारस करण्यात येत आहे', हे वाक्य मी स्वतः किती फायलींवर लिहिलं आहे. काही वेळा ते अगदी योग्य होतं. पण हितासाठी मूल पाठवायचं, तर पोचल्यावर त्याचं हित कोण बघणार, तेही त्याच कागदावर लिहावं लागतं.

ऑस्ट्रेलिया तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कैदी अमेरिकेला जायचे, पण अमेरिका हातची गेलेली. तरी १७८४च्या वसंतात 'मर्क्युरी' जहाज भरून तिकडे पाठवलंच. वाटेत कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलं, ते डेव्हनच्या किनाऱ्याला टॉरबेला लागलं, आणि बरेचसे पुन्हा पकडले गेले. त्यात आपला जॉन. एक्झिटरचा तुरुंग, मग प्लिमथच्या बंदरात 'डंकर्क' नावाचं तुरुंग केलेलं जुनं जहाज. त्या जहाजावर मोठ्या बाप्यांत त्याची तीनेक वर्षं गेली. आठ-नऊ वर्षांचा गेला होता, निघताना अकरा-बाराचा झाला. तुझी श्रुतिका बोटीच्या प्रवासावर असेल, पण मला विचारशील तर ह्या मुलाचं बालपण बंदरात नांगरून पडलेल्या त्या जहाजात गेलं.

१३ मे १७८७ला पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली. हा 'फ्रेंडशिप'वर. कैदी वाहणाऱ्या जहाजांत तेच सर्वांत लहान. तेनेरिफ, रिओ, केप ऑफ गुड होप, अशी आठ महिन्यांची वाट. केपला ह्या जहाजावरच्या बायका दुसऱ्या जहाजांत हलवल्या आणि त्यांच्या जागी मेंढ्या भरल्या. जानेवारी १७८८मध्ये सिडनीचं बंदर. आता तंबूंच्या वसाहतीत काजळी काढणाऱ्या पोराला काम कसलं असणार!

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. कोणत्या कैद्याची शिक्षा कधी संपते, याचे कागद ताफ्याबरोबर आलेच नव्हते. ते इंग्लंडातच राहिले. वसाहतीचा गव्हर्नर फिलिप पत्रांमागून पत्रं धाडत होता. इकडे कैदी येऊन सांगायचे, साहेब, माझी मुदत भरली, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. १७८९मध्ये असा दावा करताना एकाने उपगव्हर्नर मेजर रॉसचं नाव मध्ये घेतलं. अधिकाऱ्याची बदनामी केली म्हणून त्याला सहाशे फटक्यांची शिक्षा झाली.

मार्च १७९०मध्ये सिडनीत धान्य इतकं खालावलं, की बरीच माणसं नॉरफोक बेटावर हलवली. जॉन 'सिरियस' जहाजाने तिकडे गेला. माणसं उतरली आणि चारसहा दिवसांत जहाज खडकावर आपटून फुटलं, पुरवठ्याची आशाच संपली. बेटाचा प्रमुख कोण? तोच मेजर रॉस. लष्करी कायदा लागू झाला, शिधा कापला. माउंट पिटच्या डोंगरावर बिळांत घरटी करणारे समुद्रपक्षी रात्री पकडून लोक जगले. एका हंगामात लाखाहून जास्त पक्षी खाल्ले.

आणि मग फेब्रुवारी १७९१ची नोंद. जॉन हडसन, रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला, फटके पन्नास.

आता बोटांवर मोज. डिसेंबर १७८३ला सात वर्षं. कोर्टाच्या तारखेपासून धरली तर ती डिसेंबर १७९०ला संपली. फटके त्यानंतर दोन महिन्यांनी.

आमच्याकडे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोरगं हलवलं, की पोलीस त्याला पोचवून जायचे आणि फाईल मागाहून यायची. कधी आठवड्याने, कधी तीन-तीन महिन्यांनी. तोवर त्याची तारीख नाही, वय नाही, पालकांचा पत्ता नाही. ते सांगतं, 'बाई, मला पंधरा तारखेला सोडणार होते', आणि आपण म्हणतो, कागद येऊ दे. ते पोर खरं बोलत असायचं, बहुतेक वेळा.

तर्कटराव

काकू, वाचायला छान आहे, पण आजच्या चष्म्यातून बघताय असं वाटतं. फाशीच्या जागी हद्दपारी ही त्या काळची दयाच होती. मेरी वेड घ्या. अकरा वर्षांची, आपल्याहून लहान मुलीचे कपडे काढून नेले म्हणून जानेवारी १७८९मध्ये तिला फाशी सुनावली. मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाला त्या आनंदात ती हद्दपारीवर आली. 'लेडी ज्युलियाना' जहाजाने १७९०च्या जूनमध्ये सिडनीला, तिथून नॉरफोक. पुढे संसार झाला, मोठा गोतावळा झाला, १८५९ला वारली. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड तिच्या वंशातले. लंडनमध्ये राहिली असती तर गटारातच मेली असती. हे पण श्रुतिकेत यायला नको का?

प्रोबेशनकाकू

तर्कटराव, दया होती हे मीच वर लिहिलंय, पुन्हा वाचा. फाशी चुकली हे उघड आहे. माझं भांडण शिक्षेच्या लांबीशी नाहीच, ती संपल्याची तारीख कुणाच्या खिशात होती याच्याशी आहे. सात वर्षं म्हणजे सात वर्षं, हा कोर्टाने मुलाला दिलेला शब्द होता.

मेरी वेडची गोष्ट खरी आणि चांगलीही. पण आपल्याला ती ठाऊक का? तिला नातवंडं-पतवंडं झाली, त्यांनी कागद धुंडाळले, एक तर पंतप्रधान निघाला. हडसनला शोधणारं मागे कुणी दिसत नाही. ज्यांची वंशावळ फुलली त्यांच्या गोष्टी मोजून हद्दपारीचा ताळेबंद काढायचा म्हटलं, तर तो नफ्याचाच निघणार.

आणि मुलांना मोठ्यांत टाकल्याने काय होतं, हे त्या काळच्या लोकांनाही कळत होतं. म्हणून तर १८२०च्या दशकात पोरांसाठी वेगळी तुरुंग-जहाजं केली. ट्रफल्गारच्या लढाईतली 'युरिॲलस' ही युद्धनौका चॅथमला नांगरून त्यात पोरं भरली. १८३५मध्ये ब्रिटिश संसदेतल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे तिथल्या हालांची साक्ष झाली : दांडगी पोरं बारक्यांचं जेवण हिसकावतात, आणि इस्पितळात तरी जायला मिळावं म्हणून पोरं आपलेच हात मोडून घेतात. वेगळं ठेवलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही, एवढंच सांगते.

रानवारा_चिपळूण

वाचतेय. काकूंची शेवटची आकडेमोड बघून काटा आला. दोन शंका. ही माणसं तिथे जेवत काय होती? आणि आपल्याकडची लहान मुलं काळ्या पाण्यावर जात होती का? आजोळी धाक दाखवायचे, 'मस्ती केलीस तर अंदमानला धाडीन', म्हणून विचारते.

गोट्या_मेलबर्न

जेवणाचं मी सांगतो. सुरुवातीला पुरुष कैद्याला आठवड्याचा शिधा सात पौंड पीठ, सात पौंड खारवलेलं गोमांस किंवा चार पौंड डुकराचं, वाटाणे आणि थोडं लोणी. कागदावर बरा वाटतो, पण मांस काही वर्षं पिंपात पडून आलेलं. मग शिधा कापत कापत नेला. गंमत म्हणजे १७९२च्या जूनमध्ये 'अटलांटिक' जहाज कलकत्त्याहून तांदूळ, सुजी आणि डाळ घेऊन सिडनीला आलं. गोऱ्या कैद्यांना डाळ-भात अजिबात रुचला नाही, त्यांना पीठच हवं होतं. आमच्याकडे वरणभात म्हटलं की तोंड वाकडं करणारे दोन नमुने आहेत, त्यांना हे ऐकवलं. उपयोग शून्य.

प्रोबेशनकाकू

रानवारा, वर लिहिलेली ८२-८३ कलमं १८६०ची, त्यामुळे अगदी लहानांना कायद्यानेच थोडी आडकाठी होती. मुंबईत त्याच्याही आधी, १८५७पासून, ससून कुटुंबाच्या देणगीतून मुलांसाठी सुधारगृह सुरू झालं होतं. डेव्हिड ससून यांच्या नावाने ते माहीमला आजही आहे. सुरुवातीपासून भर हस्तव्यवसायावर. पंधरा-सोळाच्या पुढचं पोरगं मात्र तेव्हा कुणाच्या लेखी मूल नव्हतंच. त्या वयाच्या मुलांचं काय करायचं हा वाद आपल्याकडे २०१५च्या कायद्यापर्यंत चालू राहिला : सोळा ते अठरामधल्याने अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक चाचपणी करून त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. त्यावर मी इथे बोलायला लागले तर शेवंताचा धागा भरकटेल.

शेवंता_ठाणे

काकू, गोट्या, सगळ्यांचेच आभार. कालपासून तो खटला वाचतेय. प्रवासाचे चार प्रसंग लिहिले होते ते काढून टाकले. आता सुरुवात कोर्टात, ती चार उत्तरं जशीच्या तशी. मग 'डंकर्क' जहाज. शेवट नॉरफोकवर, मुदत संपल्यानंतरच्या त्या रात्री. तो बाहेर का आला होता, हे मला रचावं लागेल. पक्षी पकडायला, असं चालेल का? उपाशी होता म्हणून?

आणि एक बारीकसं. रेशमी मोजे पाच कसे? चार किंवा सहा असायला हवेत ना? आमचे दिग्दर्शक म्हणतात छापताना चूक झाली असेल, सहा करून टाका.

प्रोबेशनकाकू

अजिबात सहा करू नकोस. आरोपपत्रात पाचच आहेत आणि किंमतही पाच शिलिंग लावली आहे, म्हणजे नग मोजूनच लिहिलेत. अंधारात हाताला लागलं ते उचललेलं असणार. पेटीतून जोड्या लावून नेणारा चोर वेगळा. दिग्दर्शकांना सांग, पुराव्याला हात लावायचा नाही.

पक्ष्यांचं रचू नकोस असं माझं मत. त्यांचा हंगाम एप्रिलपासून पुढचा, फटके फेब्रुवारीतले. शिवाय भुकेचं कारण दिलंस की प्रेक्षक लगेच त्याला माफ करणार, आणि माफी मागण्यासारखं त्याने काही केलेलंच नाही. पंधरा-सोळाचं पोरगं रात्री नऊनंतर खोलीबाहेर सापडलं, की आमच्याकडेही रजिस्टरला शेरा पडायचा. कारण विचारलं तर नव्वद टक्के पोरं म्हणायची, 'असंच.' तुझ्या जॉनला तेवढंच म्हणू दे. रॉसचा माणूस विचारतोय, कुठे निघालास? – असंच. मग नोंद वाचून दाखवा, तारखेसकट.

फक्त न्यायाधीशाचं काम त्या खर्जातल्या आवाजाच्या माणसाला देऊ नकोस, ते लगेच खलनायक वाटतं. एखाद्या मऊ बोलणाऱ्याला दे. आणि तालमीचं रेकॉर्डिंग झालं की इथे टाक, मला ऐकायचंय.